खटक्याची जोडणी: आरव्हीच्या पाण्याबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या (अशा गाड्यांना इथे आरव्ही म्हणतात) प्रवासाबद्दल लिहिताना एक वाक्य सहज येऊन गेलं होतं: ‘कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर पाणी जोडायला मला मिनिटभर लागतं.’ सगळ्यात जास्त पत्रं त्या वाक्यावर आली. मिनिटभरात कसं होतं, क्विक कनेक्ट, म्हणजे न पिळता झटकन बसणारे नळीचे जोड, कुठले घ्यायचे, गळत नाहीत का, भारतात चालतील का. यावेळची सगळी जागा मी त्या पत्रांना देते आहे.

हे मी कशाच्या आधारावर सांगते, तेही सांगायला हवं. सांगलीत माझ्या वडिलांचं नळसामानाचं दुकान होतं. शाळा सुटली की मी गल्ल्यामागे बसून वायसर ओवायचे, शंभराची एक माळ. आटे, निपल, सॉकेट हे शब्द पाढ्यांबरोबरच शिकले. आता मिशिगनला राहते. गेली ११ वर्षं उन्हाळ्याचे ४ महिने आम्ही दोघं २६ फुटी ट्रेलर घेऊन बाहेर असतो आणि पाण्याचं काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे.

प्रश्न: माझ्या बोटांना संधिवात आहे आणि यजमानांच्या खांद्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय. दर मुक्कामी नळी पिळून बसवणं दोघांनाही जमत नाही. क्विक कनेक्ट बसवावेत का? दुकानात पितळी, स्टीलचे, ॲल्युमिनियमचे, प्लास्टिकचे असे सगळे दिसतात. — एक भगिनी, एडिसन, न्यू जर्सी

ताई, नक्की बसवा. तुमच्या हातांना यातून खरोखर आराम मिळेल.

आधी ही वस्तू हातात घेऊन नीट बघा. तिचे दोन तुकडे असतात. नर तुकडा म्हणजे एक आखूड निपल, त्याच्या गळ्याभोवती एक खाच. मादी तुकड्यावर एक सरकतं कडं, कड्याखाली स्प्रिंग, आणि आत गोलाकार बसवलेल्या मिरीएवढ्या पोलादी गोळ्या. कडं मागे ओढलं की गोळ्यांना बाहेर सरायला जागा मिळते आणि निपल आत जातो. कडं सोडलं की गोळ्या त्या खाचेत दाबून बसतात आणि ‘खट्’ असा आवाज येतो. म्हणून आमच्या घरी याला खटक्याची जोडणी म्हणतात. आवाज आला तरी नळी एकदा मागे ओढून बघायची. गोळ्या फक्त धरून ठेवतात. पाणी अडवण्याचं काम आतली रबरी ओ-रिंग करते.

पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला मादी, ज्या बाजूला जातं तिकडे नर, हा क्रम पाळा. म्हणजे नळाकडे मादी, नळीच्या सुरुवातीला नर. नळीच्या शेवटाला पुन्हा मादी आणि ट्रेलरच्या ‘सिटी वॉटर’ लिहिलेल्या, बाहेरच्या नळाचं पाणी आत घेणाऱ्या तोंडात नर. मधे फिल्टर असेल तर तिथे आणखी एक जोड लागेल.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, म्हणजे नंतर तुमची निराशा होणार नाही. नळ कॅम्पग्राउंडचा असतो, तुमचा नसतो. त्यामुळे प्रत्येक मुक्कामी एक जोड तरी आट्यांवर पिळावाच लागणार. पण त्यातला त्रास बराच कमी करता येतो. प्रेशर रेग्युलेटर (नळाचा दाब बेताचा ठेवणारा तुकडा) आणि त्याच्या पुढचा मादी तुकडा घरीच एकमेकांना घट्ट जोडून ठेवा. कॅम्पग्राउंडवर तेवढा वीतभर तुकडा नळावर फिरवायचा. नळी पिळताना मनगट दुखतं ते तिच्या वजनाने आणि तिच्या पिळाने. मोकळा तुकडा फिरवायला तेवढा जोर लागत नाही. बरणीचं झाकण उघडायला रबराची जाळी मिळते ती सोबत ठेवा, पकड चांगली येते.

रेग्युलेटर नळावरच लावा, ट्रेलरच्या तोंडाशी नको. ट्रेलरच्या तोंडाशी लावला तर मधली सगळी नळी आणि तिचे खटके नळाचा पूर्ण दाब झेलत राहतात. बहुतेक तयार रेग्युलेटर ४५ ते ५० पीएसआयला, म्हणजे चौरस इंचाला तेवढ्या पौंडांना, बसवलेले येतात. आपल्याकडच्या प्लंबरच्या भाषेत सांगायचं तर साधारण सव्वातीन ते साडेतीन किलो, चौरस सेंटिमीटरला. काही कॅम्पग्राउंडवर दाब याच्या दुप्पट असतो आणि तो मधेच चढतोही.

आता धातू. हे पाणी तुम्ही पिणार, त्याचा चहा करणार, म्हणून इथे पैसे वाचवू नका. बागेसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त पितळी जोडांत शिसं असू शकतं. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगला ‘लेड-फ्री’ म्हणायचं तर पाण्याला लागणाऱ्या भागांत शिशाचं भारित सरासरी प्रमाण ०.२५ टक्क्यांच्या आत असावं लागतं. त्याआधी ही मर्यादा ८ टक्के होती. पण फक्त बागेच्या पाण्यासाठी म्हणून विकलेल्या मालाला हा नियम लागत नाही आणि दुकानात दोन्ही प्रकार एकाच फळीवर टांगलेले असतात. पाकिटावर ‘लेड-फ्री’ आणि ‘पिण्याच्या पाण्यासाठी’ असं स्पष्ट छापलंय का ते वाचा. एनएसएफ ६१ किंवा ३७२ हे पिण्याच्या पाण्याच्या सामानाच्या मानकांचे आकडे दिसले तर उत्तम. स्टेनलेस स्टीलही चालेल. जोड कुठलाही असो, पहिलं पाणी दोन मिनिटं वाहू द्यायचं आणि मगच भांडं धरायचं.

ॲल्युमिनियम घेऊ नका. ते हलकं असतं, दिसायला छान असतं, पण नळ पितळी असतो. हे दोन धातू ओले राहून एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि जोड असा जाम होतो की मग करवतच लागते. तुमच्या हातांना ते झेपणार नाही.

आणि ट्रेलरच्या तोंडाकडे लक्ष द्या. पुष्कळ गाड्यांत ते प्लास्टिकचं असतं. त्यावर पितळेचे तीन-चार तुकडे एकापुढे एक आडवे लटकवले आणि खाली पाण्याने भरलेली नळी ओढत राहिली, तर तरफेसारखा जोर येऊन प्लास्टिकला चीर जाते. म्हणून तोंडाशी काटकोनाचा एक एल्बो लावा, म्हणजे नळी सरळ खाली उतरते. नर तुकडा तिथे कायमचा ठेवायचा असेल तर झाकण बंद होतंय का ते आधी बघा. आमच्या ट्रेलरचं होत नाही, म्हणून मी तो निघताना काढते.

सगळं हाताने घट्ट करा. पाना नको, टेफ्लॉन टेपही नको. आमच्या दुकानात पाइपाच्या आट्यांना ताग आणि सफेदा लावायचे, कारण तिथे पाणी आटे अडवतात. नळीच्या जोडात ते काम वायसर करतो. तो सपाट, मऊ आणि जागेवर असला की पुरे.

प्रश्न: क्विक कनेक्ट बसवल्यापासून शॉवरची धार निम्मी झाली. शिवाय एका जोडातून सारखं ठिबकतं. वस्तू खराब निघाली का? — फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

तुमच्या मादी तुकड्यात बहुधा आपोआप बंद होणारी झडप आहे. तोंडातून आत बघा: मधे स्प्रिंगवर बसलेली एक चकती दिसेल. निपल काढला की ती पाणी बंद करते. बागेत फवारा बदलताना ही सोय फार चांगली, पण आरव्हीच्या ओळीत पाण्याला त्या चकतीच्या कडेकडेने वाट काढावी लागते. अशा दोन झडपा, एक रेग्युलेटर आणि एक फिल्टर, एवढ्यातून जाऊन धार उरणार किती?

मी हे मोजून बघितलं होतं. ५ गॅलनची बादली आणि घड्याळ. झडपवाल्या जोडातून बादली भरायला १ मिनिट ५० सेकंद लागले. बिनझडपेचा, आरपार मोकळा जोड लावल्यावर त्याच नळावर १ मिनिट १५ सेकंद. तुम्हीही एकेक तुकडा काढून असंच मोजा, पाणी नेमकं कुठे अडतंय ते सापडेल. बिनझडपेचे तुकडे मागून घ्या. नळीही बघा: अर्धा इंच आतल्या व्यासाची असेल तर ५/८ इंची घ्या. दिसायला फरक थोडा, पण अर्ध्या इंचाचं भोक क्षेत्रफळाने जवळजवळ ३६ टक्के लहान असतं.

ठिबकण्याबद्दल. पाणी आट्यांच्या बाजूने येतंय की कड्याच्या बाजूने, ते कोरडं फडकं लावून बघा. आट्यांकडून असेल तर वायसर बदला, दहाचं पाकीट दोन-तीन डॉलरला मिळतं. कड्याकडून असेल तर ओ-रिंग. ती टोकदार वस्तूने उपसू नका, खाचेला ओरखडा गेला तर नवी रिंगही गळेल. लाकडी टूथपिकने काढा. नव्या रिंगला पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी किंचित लावा. व्हॅसलीन नको, त्याने काही प्रकारचं रबर फुगतं.

आणि दोन कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत घालू नका. दिसतात सारखे, खटकाही लागतो, पण खाच अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे असली तरी ठिबक थांबत नाही. एका कंपनीचे घ्या आणि दोन सुटे तुकडे त्याच वेळी घेऊन ठेवा.

प्रश्न: काढताना कडं ओढायला फार जोर लागतो आणि पाणी अंगावर येतं. — डॅलस, टेक्सस

नळ बंद केल्यावरही नळीत दाब कोंडलेला असतो. नळ बंद करा, आत जाऊन ट्रेलरच्या टाकीचं पाणी ओढणारा पंप बंद आहे ना बघा, स्वयंपाकघरातली तोटी उघडा, धार मरेपर्यंत थांबा, मग या. कडं दोन बोटांनी सरकेल. दाब असताना मी एकदा जोर लावून ओढलं होतं. निपल सुटून मनगटावर बसला आणि आठवडाभर पोळी लाटता आली नाही. तोच निपल डोळ्याच्या उंचीवर उडू शकतो. पोरं भोवती असतील तर त्यांना आधी दूर उभं करा.

प्रश्न: आमच्या ट्रेलरला मैल्याची टाकी आतून धुण्यासाठी पाण्याचं वेगळं तोंड आहे. सगळीकडे एकसारखे क्विक कनेक्ट लावले तर एकच नळी दोन्हीकडे फिरवता येईल. कल्पना कशी वाटते? — टोरांटो

ही कल्पना कृपा करून अमलात आणू नका. बाकी सगळी उत्तरं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

चौथ्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं. पितळी जोडांचा मोठा संच स्वस्तात मिळाला म्हणून प्रत्येक तोंडावर एकेक बसवला, टाकी धुण्याच्या तोंडावरसुद्धा. नळ्या मात्र वेगळ्या ठेवल्या होत्या: पिण्याची पांढरी, धुण्याची नारिंगी. मला वाटलं, रंग पुरेसा आहे. त्या उन्हाळ्यात माझा भाचा आमच्याबरोबर होता, १४ वर्षांचा, फार मदत करणारा. मी आत भाजी फोडणीला टाकली होती. तो म्हणाला, ‘मावशी, पाणी मी जोडतो.’ बाहेर खट् असा आवाज आला. का कोण जाणे, मी गॅस बंद करून खाली उतरले. पांढरी नळी टाकीच्या तोंडात बसलेली होती आणि भाचा नळाकडे निघाला होता.

त्याची काहीच चूक नव्हती. दोन तोंडं शेजारी शेजारी, दोन्हींवर तेच चकचकीत पितळ, दोन्हीकडे तोच खटका. आटे असते तर निदान पाच-सहा वेढे देताना ‘सिटी वॉटर’ कुठे लिहिलंय याकडे लक्ष गेलं असतं. खटका अर्ध्या सेकंदात लागतो, तेवढ्यात विचार होत नाही.

नळ उघडला नव्हता, तरी मी ती नळी आणि तो जोड त्याच संध्याकाळी टाकून दिला. त्या तोंडाशी आपण मैल्याच्या नळीचे हातमोजे घालून उभे राहतो, तिथे कशाचे शिंतोडे उडालेले असतात सांगता येत नाही. दुसरा धोका दाबाचा. पाण्याची मुख्य लाइन फुटली किंवा कुणी मोठा हायड्रंट उघडला तर नळातला दाब एकदम पडतो आणि पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. हे होऊ नये म्हणून ट्रेलरमध्ये आणि पुष्कळदा कॅम्पग्राउंडच्या नळावर हवा आत घेणारी एक झडप असते, व्हॅक्युम ब्रेकर. नळ बंद करताना तिच्यातून थोडं पाणी थुंकल्यासारखं येतं म्हणून काही जण ती काढून ठेवतात. काढू नका. पण ती आहे म्हणून निर्धास्तही राहू नका, तीही झिजते.

तेव्हापासून आमच्याकडे खटके फक्त पिण्याच्या ओळीवर आहेत. टाकी धुण्याच्या तोंडावर साधे आटे आहेत. तिची नारिंगी नळी वेगळ्या बंद डब्यात असते आणि त्या डब्यात पांढरी नळी कधीच जात नाही. चूक करायची म्हटलं तरी जोड बसतच नाही.

अशी अदलाबदल तुमच्याकडे कधी झाली असेल तर नळी बदला आणि ट्रेलरमधली पिण्याच्या पाण्याची टाकी निर्जंतुक करा. दर १५ गॅलनला पाव कप साधं, वासाचं नसलेलं ब्लीच, आधी पाण्यात मिसळून मग टाकीत. प्रत्येक तोटीला ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. मी हे दर वसंतात करतेच.

प्रश्न: आम्ही नाशिकला एका व्हॅनचं फिरतं घर करतोय. अमेरिकेहून येणाऱ्या मित्राकडून हे जोड मागवावेत का? — नाशिक

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून तिकडून अशी पत्रं येऊ लागली आहेत. वाचून मनापासून आनंद होतो.

पण हे जोड मागवू नका. अमेरिकेतल्या बागेच्या नळीचे आटे वेगळे आहेत: इंचाला साडेअकरा. आपल्याकडच्या नळांचे पाऊण इंची आटे, ब्रिटिश मापाचे (बीएसपी), इंचाला चौदा. व्यासात फरक मिलिमीटरच्याही आत, म्हणून गंमत अशी होते की पहिला-दुसरा वेढा छान बसतो आणि मग अडतं. माणसाला वाटतं जोर कमी पडला, तो पाना लावतो आणि आटे जातात.

तुमच्याकडे युरोपी पद्धतीचे प्लास्टिकचे खटके मिळतात. जर्मनीतल्या गार्डेना कंपनीने १९६८ मध्ये ही पद्धत आणली आणि पुढे बऱ्याच कंपन्यांनी त्याच मापाचे तुकडे काढले, त्यामुळे ते एकमेकांत बसतात. अर्धा आणि पाऊण इंची नळाचे अडॅप्टर सोबत येतात. ज्या नळाला आटे नसतील, नुसतं खाचांचं तोंड असेल, तिथे नळी चढवून क्लिप आवळायची. अशी फूटभर नळी आणि तिच्या टोकाला खटका, एवढा तुकडा तयार करून गाडीत ठेवा. धाब्यापासून धर्मशाळेपर्यंत कुठेही उपयोगी पडेल.

तुमची अडचण इथल्यापेक्षा उलटी असणार. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापेक्षा १० मीटर उंच असली तर दाब साधारण १ किलो मिळतो. ३ मीटर असली तर जेमतेम त्याच्या तीस टक्के. इतक्या कमी दाबावर झडपवाला जोड पाणी अडवूनच धरतो. आरपार मोकळेच जोड घ्या, रेग्युलेटरवर खर्च करू नका, त्याऐवजी गाडीतली टाकी मोठी घ्या आणि पंप चांगला बसवा. नळी मात्र फूड ग्रेड, म्हणजे पिण्याच्या पाण्याला चालणारी हवी. बागेची हिरवी नळी उन्हात तापली की पाण्याला रबराचा वास येतो, ते पाणी मुलांना देऊ नका.

प्रश्न: थंडीत हे जोड राहू द्यावेत का? — कॅलगरी

रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर नको. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिजला, साडेसात हजार फुटांहून जास्त उंचीवर, सप्टेंबरमध्ये सकाळी नळीचं लाकूड झालेलं मी बघितलंय. जोडाच्या आत चमचाभर पाणी उरलं तरी ते गोठून फुगतं आणि पितळेला बारीक चीर पाडतं. ती दिसत नाही, दुपारी गळायला लागल्यावर कळते.

संध्याकाळीच ट्रेलरची पिण्याच्या पाण्याची टाकी भरून घ्या, नळी उतरवून निथळा आणि रात्र पंपावर काढा. नळावरचा मादी तुकडाही काढायचा, झडपवाला असेल तर न चुकता. थंड प्रदेशातले नळ बंद केल्यावर आतलं पाणी उतरून जाईल अशा रचनेचे असतात, पण तोंड बंद राहिलं तर हवा आत जात नाही, पाणी उतरत नाही आणि कॅम्पग्राउंडचा नळ फुटतो. सकाळी घाईत तो तुकडा नळावर विसरायची भीतीही असते. मी माझ्या रेग्युलेटरला लाल चिंधी बांधली आहे, आणि तिच्या जोडीची दुसरी चिंधी गाडीच्या चावीला. चावी हातात घेतली की नळाकडे बघते.